वाचकांचे प्रश्न : सांभाळते एक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहते. सात वर्षांपूर्वी वडिलांनी आपले सहा एकर शेत बक्षीसपत्राने माझ्या दोन्ही भावांना अर्धे अर्धे करून दिले. आई हयात नाही. धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी वारला, वहिनीने दुसरे लग्न केले आणि अकरा वर्षांचा भाचा माझ्याकडे आला. बाबांना लकवा मारल्यापासून तेही माझ्याकडेच आहेत. सगळे शेत मोठा भाऊ वाहतो. खर्चाचे काढले की म्हणतो, ‘तू घेऊन गेलीस, तूच पाहा.’ हा खर्च कायद्याने कोणाचा?

उत्तर : ताई, ज्याच्या घरात खाट त्याचाच खर्च, हा तुमच्या भावाचा हिशेब गावोगाव ऐकू येतो, कायदा मात्र तो मानत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा अधिनियम मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात या सर्वांवर जबाबदारी टाकतो. त्यामुळे ती तुमच्यावरही येते, हे आधीच सांगून ठेवते. पण तुम्ही औषधपाणी, डायपर, रात्री कूस बदलून देणे, अशा रूपाने ती रोज पार पाडत आहात आणि भाऊ रोख किंवा कष्ट यांपैकी काहीच देत नाही, ही बाब न्यायाधिकरणापुढे स्पष्टपणे मांडता येते. त्यासाठी एक साधी वही ठेवा. औषधाच्या पावत्या तिच्यात चिकटवा आणि बाबांच्या सेवेपायी बुडालेल्या तुमच्या मजुरीचे दिवसही तारखेनिशी लिहा. आपल्याकडे लेकीचे कष्ट कोणी मोजत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

न्यायाधिकरण म्हणजे तुमच्या भागातील उपविभागीय अधिकारी. अर्ज बाबांच्या नावे करावा. त्यांना जाणे शक्य नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती, म्हणजे तुम्हीही, तो दाखल करू शकता. वकील लागत नाही. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह रक्कम ठरवता येते, आणि भावाला नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, निकाल द्यावा असे कायदा म्हणतो.

आता बक्षीसपत्र. त्याची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढून शब्दन्‌शब्द वाचा. वडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यात असेल आणि ती मोडली असेल, तर याच २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. पण ही मागणी मोठ्या भावाच्या तीन एकरांपुरतीच ठेवा. रागाच्या भरात सबंध दस्तच रद्द करायला मागाल, तर भाच्याच्या वाट्यावरही पाणी पडेल.

खरी गुंतागुंत भाच्याची आहे. हिंदू कायद्याप्रमाणे मुलाचे पोषण हे आई-बापाचे कर्तव्य असते. काका किंवा आत्यावर ते थेट येत नाही. बाप गेला तरी आईची जबाबदारी दुसऱ्या लग्नाने संपत नाही, आणि तिचा नवऱ्याच्या जमिनीतला वारसाहक्कही त्या लग्नाने जात नाही. म्हणजे धाकट्या भावाचे तीन एकर आज तुमच्या वहिनीचे आणि भाच्याचे आहेत. पटवाऱ्याकडून ताजा सातबारा घ्या. भाच्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कोणाचे नाव लागले आहे, ते पाहा. तिथे मोठ्या भावाचे नाव असेल, तर पालनकर्ता म्हणजे मालक नव्हे, हे त्याला सांगावे लागेल. वारसांचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नोंद, झालाच नसेल, तर आधी तो करून घ्या. त्या तीन एकरांतल्या कापूस-सोयाबीनचे उत्पन्न, किंवा शेत मक्त्याने दिले असते तर आलेला मक्ता, यातला मुलाचा भाग मुलासाठीच खर्च व्हायला हवा. आणि त्याचा हिस्सा विकायचा, तर जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते. भावाकडे हिशेब मागण्याचा अधिकार मुख्यतः वहिनीला आहे, कारण नैसर्गिक पालक ती. तिच्याशी बोलणे तुटले नसेल, तर मोठ्या भावाच्या आधी तिच्याकडेच जा. ती पुढे येत नसेल, तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली पालक म्हणून नेमणूक मिळावी यासाठी तुम्हाला न्यायालयात अर्ज करता येईल.

हे सगळे होईतो शाळेचा खर्च थांबत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलासाठी वयाच्या १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा आणि आदेश बाल कल्याण समिती देते. बाबा ६५ वर्षांवरचे असतील तर निराधार वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे दरमहा १,५०० रुपयेही मागून पाहा, मात्र तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार आहे. दिवसाला साठ रुपयेही होत नाहीत! ही मर्यादा कोणी कशी ठरवली असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.

प्रश्न : माझा मतिमंद नातू अचलपूरजवळच्या एका शासनमान्य बालगृहात आहे. पुढच्या वर्षी तो अठराचा होईल. मी सत्तरीचा शेतकरी. पुढचा खर्च कोणी करायचा?

उत्तर : काका, बालगृहाचा खर्च सरकार उचलते तो अठरापर्यंतच. त्यानंतर अनुरक्षणगृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांना ठेवून घेणाऱ्या संस्थेची, सोय एकविसापर्यंत असते. पण ज्याला आयुष्यभर दुसऱ्याचा हात लागतो, त्याचे तीन वर्षांनी काय होणार? तुमच्याच भागात वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांचा आश्रम चालवणारे शंकरबाबा पापळकर अठरा वर्षांवरील बेवारस दिव्यांगांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा व्हावा, म्हणून कित्येक वर्षे भांडत आहेत. तुम्ही दोन कामे आत्ताच सुरू करा. पहिले, मतिमंद व तत्सम दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकासाठी अर्ज करण्याची तयारी, कारण अठरानंतर आजोबांची नुसती सही बँकेत चालत नाही. दुसरे, वर्षाला एक लाखापर्यंतचा उपचारखर्च देणाऱ्या ‘निरामय’ विम्याची नोंदणी. दोन्हींना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते बालगृहाच्या फाइलमध्ये असेल, तर मूळ प्रत मुलाबरोबर मागून घ्या.