आकडा आधी बोल

प्रिय,

शुक्रवारी अभ्यासिकेत तुझ्या मैत्रिणी वॉटर पार्कचं ठरवत होत्या, तेव्हा तू पटकन म्हणालीस, "मला क्लास आहे." तुझा क्लास रविवारी नसतो हे मला माहीत आहे. पण चारचौघींत काढायचा तो विषय नव्हता, म्हणून आज लिहिते आहे.

अकरावीत असताना मीही हेच केलं होतं. आम्ही सहाजणी परीक्षा संपली म्हणून हॉटेलात गेलो होतो. माझ्या पर्समध्ये परतीच्या प्रवासापुरते पैसे होते. "माझा उपास आहे," असं सांगून मी पाणी पीत बसले. बाकीच्यांनी पावभाजी मागवली, मग जास्तीचे पाव, मग लस्सी. बिल आलं आणि एकीने ते सरळ सहाने भागलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, नेहमी तसंच करायच्या त्या. रिक्षाचे पैसे मी बिलात घातले आणि स्टेशनवरून घरी चालत आले. चालण्याचं मला काहीच वाटलं नाही. पण त्यानंतर वर्षभर त्या बोलावत होत्या आणि मी काही ना काही कारण काढत राहिले, ते अजून लागून राहिलं आहे.

म्हणून तुला सांगते, जागा ठरायच्या आधी आकडा बोल. "माझ्याकडे शंभर रुपये आहेत, त्यात कुठे जाऊ या?" एवढंच. पहिल्यांदा जीभ जड होईल. पण एकीने तोंड उघडलं की आणखी दोघी-तिघी "माझेही तेवढेच" म्हणतात, हे मी अभ्यासिकेत दरवर्षी बघते. टीटीएमएमने, म्हणजे 'तुझं तू, माझं मी' केलं की प्रत्येकीचं बिल वेगळं होतं हे खरं, पण मुळात जागा जिच्याकडे जास्त पैसे आहेत तिच्या हिशेबानेच ठरलेली असते. त्यापेक्षा सकाळी स्टेशनवरच सगळ्यांकडून सारखे पैसे घ्या आणि एकीकडे ठेवा. तिकीट, चहा, बस, सगळं त्यातून. उरतील ते परतताना वाटून घ्या.

आणि शंभर रुपये कमी नाहीत गं. आपल्या कल्याणहून साध्या लोकलने सीएसएमटीला जा. बाहेर पडलात की आधी रस्ता ओलांडा आणि समोरच्या बाजूने स्टेशनची इमारत नीट बघा. 1888 साली पूर्ण झालेली आणि 2004 पासून जागतिक वारसा असलेली ही इमारत आपण आतून धावतपळत ओलांडतो, बघत कधीच नाही. तिथून हुतात्मा चौकात चालत जा. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्च्यावर तिथे गोळीबार झाला होता. दोन मिनिटं थांबा तिथे. पुढे काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे. तिथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत आणि बऱ्याचदा चित्रकार आपल्या चित्रांजवळच बसलेला असतो. तुला चित्रकलेची आवड आहे, तेव्हा बुजू नकोस. हा रंग कसा आणला, असं सरळ विचार. विचारलेलं त्यांना आवडतं. मग ओव्हलच्या कडेला बसून डबे उघडा. रविवारी मैदानभर क्रिकेट चालू असतं. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, पश्चिमेला गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. तिथून मरीन ड्राइव्ह पायी अगदी जवळ आहे. 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं, त्यामुळे दोन स्टॉपसाठी बस धरू नका.

पण माझं ऐकशील तर पहिली सहल कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांची कर. दादरला गाडी बदलून बोरिवली, तिथून राष्ट्रीय उद्यान. सोमवारी ते बंद असतं. गेटपासून लेणी बरीच आत आहेत, त्यामुळे उद्यानाच्या प्रवेशाचे आणि तिकडे बसने जाण्याचे पैसे आधीच धरून ठेव; ही सहल शंभरात बसणार नाही. शंभरहून जास्त लेणी एका डोंगरात कोरलेली आहेत, पण तू मोठ्या चैत्यगृहापाशीच, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनापाशीच, थांबून परत येऊ नकोस. वर चढ. खडकात अरुंद पाट खोदलेले दिसतील. त्यांचा माग काढत गेलीस की पाण्याच्या टाक्यापाशी पोचशील. लेण्यांच्या अभ्यासकांच्या तोंडी त्याला 'पोढी' म्हणतात. भिक्षूंनी डोंगरावर पडणारं पावसाचं पाणी असं साठवलं होतं. भिंतींवर ब्राह्मी अक्षरं आहेत. वाचता येणार नाहीत, पण ही लेणी आणि पोढी कोरायला ज्यांनी दान दिलं त्यांची नावगावं तिथे कोरलेली आहेत, आणि त्यात कल्याणचे व्यापारी आहेत. आपल्याच गावची माणसं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या अक्षरांवर हात टेकून उभी राहिले होते. तू मात्र हात लावू नकोस, दगड झिजतो.

धाकट्या भावाला नेलंस तर 15 वर्षांखाली लेण्यांचं तिकीट लागत नाही. खाण्याची पिशवी हातात लोंबती ठेवू नका, माकडं हिसकावतात. थालीपिठं दप्तरात खाली ठेवा. घरी परतायची वेळ सांगून निघा आणि अंधार पडायच्या आत लेडीज डब्यात बसा. दारात उभं राहायचं नाही, कितीही वारा लागला तरी.

मैत्रिणींना वॉटर पार्कलाच जायचं असेल तर जाऊ देत, त्यावरून रुसू नकोस. तू पुढच्या रविवारचं विचार. एकजण हो म्हणाली तरी जा.

रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, कुठे आहे ते शनिवारीच बघून घे. आणि संध्याकाळी अभ्यासिका बंद व्हायच्या आत ये, माझी दोन लिटरची बाटली घेऊन जा. वरच्या लेण्यांकडे चढताना पाणी पुरत नाही.

तुझी,
ताई