पहिलीच्या प्रवेशासाठी एसआयपी थांबवावी का?

प्रश्न: आम्ही पुण्यात धायरीला राहतो. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,०५,०००. घराचा हप्ता ३४,०००, घरखर्च ४५,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) १२,०००. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. यजमानांना सीबीएसईच हवं, सासूबाई म्हणतात जवळची अनुदानित सेमी-इंग्रजी शाळा काय वाईट आहे? दोन-चार वर्षं एसआयपी थांबवून फी भरावी का? आरटीईत (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांत) नंबर लागेल का?

उत्तर: आरटीईचा विषय आधी संपवू. खासगी शाळांतल्या त्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १ लाख आहे, तुम्ही त्यात बसत नाही. शिवाय २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्दही केला. अशा धोरणांच्या भरवशावर घरचं बजेट आखू नये.

आता तुम्ही पाठवलेलं सीबीएसई शाळेचं फीपत्रक. वर ठळक आकडा १,४५,०००. खाली बारीक अक्षरांत बस ३०,०००. वह्या-पुस्तकं, गणवेश, सहल आणि 'उपक्रम शुल्क' मिळून १७,०००. म्हणजे १,९२,०००, महिन्याला १६,०००. तुमच्याकडे सगळं जाऊन उरतात १४,०००. पहिल्याच वर्षी दरमहा दोन हजारांची तूट, आणि आजारपण, दिवाळी, गाडीची दुरुस्ती यांचा अजून पत्ताच नाही.

ही फी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढली, तर दहावीपर्यंत साधारण साडेतीस लाख जातील आणि दहावीच्या वर्षी एकट्या शाळेचे महिन्याला ३७-३८ हजार. पगार वाढतील हो, पण एवढ्या वेगाने? 'दोन-चार वर्षं' थांबवलेली एसआयपी पुन्हा सुरू कुठून करणार? तीच १२,००० ची एसआयपी दहा वर्षं चालली आणि १० टक्के परतावा मिळाला (हमी नाही, अंदाज), तर साडेचोवीस लाखांच्या आसपास जमतील. खरा खर्च तर बारावीनंतरच सुरू होतो.

करात सूट मिळेल म्हणून कोणी सांगत असेल, तर जुन्या करप्रणालीत फक्त ट्यूशन फी सवलतीत बसते. बस, देणगी नाही. नव्या प्रणालीत तेवढंही नाही.

माझं मत सासूबाईंच्या बाजूने आहे, एका अटीवर: दोघांनी शाळा भरलेली असताना जाऊन या. वर्गात मुलं किती, गणित-विज्ञान इंग्रजीतून कोण शिकवतं, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत का, हे विचारा. उत्तरं पटली नाहीत, तर त्याच भागातली कमी फीची दुसरी शाळा शोधा.

यजमान तरीही अडून बसले, तर त्या सीबीएसई शाळेकडून मागच्या तीन वर्षांची फीपत्रकं मागा आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी कोणती, ते लेखी घ्या. द्यायला टाळाटाळ झाली, तर प्रवेश घेऊ नका.