शिश्युंग कोण, शिती कोण?

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी परभणीत वुशू ही चिनी युद्धकला शिकते. वर्गातला एक १५ वर्षांचा मुलगा तिच्याआधी दोन वर्षं लागलेला आहे. चिनी पद्धतीनं तिनं त्याला काय म्हणावं? वय बघायचं की प्रवेश?

उत्तर : प्रवेश. तो मुलगा तिचा ‘शिश्युंग’, म्हणजे थोरला गुरुबंधू, आणि ती त्याची ‘शिमेई’, म्हणजे धाकटी गुरुभगिनी. चार वर्षांनी मोठी असूनही धाकटीच. ज्यानं गुरू आधी धरला तो थोरला. दोघं एकाच दिवशी आले तरच सहसा वय पाहतात. बऱ्याच परंपरांत वर्गात नाव घातल्याची तारीख धरत नाहीत. गुरूला चहा देऊन, नमस्कार करून रीतसर शिष्यत्व घेतलं, तिथून क्रम लागतो. त्यामुळे आधी वर्गातली रीत विचारून घ्या.

आपल्या ‘गुरुबंधू’त थोरला-धाकटा कळत नाही, तो शब्द दोघांनाही चालतो. चिनीत तशी सोय नाही, हाक मारण्याआधी क्रम ठाऊक हवाच. उरलेले दोन शब्द: थोरली ‘शिच्ये’, धाकटा ‘शिती’. रोमन लिपीत ‘शिदी’ दिसतं, पण तिथला डी म्हणजे आपला त. सगळ्यांतला ‘शि’ही आपल्या ‘शी’सारखा नव्हे, जीभ ‘ष’साठी वळवतो तशी वळवून तिथंच स्वर धरायचा. हाँगकाँगकडच्या कँटोनीज परंपरेत शिश्युंगचा ‘सिहिंग’ होतो, म्हणून दोन वर्गांत दोन उच्चार ऐकू आले तर गोंधळू नका.

थोरल्याला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. आडनाव जोडायचं तर ते आधी येतं: ली शिश्युंग. थोरल्यानं धाकट्याला नावानं बोलावलं तर चालतं.

गुरू ‘शिफू’. या शब्दात ‘बाप’ हे अक्षर आहे, तरी स्त्री-गुरूलाही शिफूच म्हणतात. गुरुपत्नी ‘शिमू’. गुरूचा थोरला गुरुबंधू ‘शिपो’, धाकटा ‘शिशू’, आपल्याकडच्या थोरल्या-धाकट्या काकांसारखे. इथंही वय नाही: गुरूच्या गुरूंनी म्हातारपणी एखादं पोर शिष्य केलं, तर ते पोर तुमच्या मुलीचं शिशू लागतं.

हे शब्द आखाड्यापुरते नाहीत. चिनी विद्यापीठात एकाच मार्गदर्शकाकडे पीएचडी करणारेही हेच वापरतात. मार्गदर्शक वेगळा असेल, तर वरच्या वर्गातला ‘श्युएचांग’ आणि वरची ‘श्युएच्ये’.