गुरूचे काय घ्यावे, आपले काय राखावे

प्रश्न : मी एका खासगी कंपनीत सहा वर्षे काम करते. रुजू झाल्यापासून माझ्या वरिष्ठांनी मला हाताला धरून शिकवले आणि आजच्या माझ्या पदात त्यांचा वाटा मोठा आहे. मात्र अलीकडे एक सहकारी सहज म्हणाली, "तू हल्ली अगदी सरांसारखी बोलतेस," आणि ते मनाला लागून राहिले. सर बैठकीत समोरच्याला मध्येच थांबवून मुद्दा रेटतात. मी मुळात शांत स्वभावाची. त्यांच्या सांगण्यावरून मीही तसे वागू लागले. कामे होतात, पण दिवसभर कुणाचे तरी सोंग वठवले, असे घरी आल्यावर वाटत राहते. त्यांचे मार्गदर्शन आता थांबवावे का?
— एक वाचक

उत्तर : थांबवण्याची घाई करू नका. सरांनी तुम्हाला जे दिले त्यात दोन गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत : त्यांची विचार करण्याची रीत आणि त्यांची बोलण्याची ढब. पहिली तुमच्या उपयोगाची आहे आणि दुसरी त्यांच्या स्वभावाला शोभणारी आहे. शिकताना माणूस आधी ढबच उचलतो, कारण ती डोळ्यांना दिसते. समोरच्याला थांबवण्यापूर्वी सरांच्या मनात कोणता हिशेब झाला, हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

संस्थांमधील माणसांच्या वागण्याच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडेल. सल्लागार संस्थांतील आणि गुंतवणूक बँकांतील तरुण व्यावसायिक वरच्या जबाबदारीवर जाताना कसे बदलतात, हे त्यांनी पाहिले. ही माणसे आजूबाजूच्या ज्येष्ठांचे निरीक्षण करत, त्यांच्या वागण्यातले काही स्वतःवर तात्पुरते चढवून बघत आणि मग स्वतःला काय पटते, समोरच्यांना काय भावते, यावरून त्यातले ठेवत किंवा टाकून देत. म्हणजे काही काळ दुसऱ्यासारखे वागणे हा शिकण्याचाच भाग आहे, त्यात अप्रामाणिक असे काही नाही. तुमच्या बाबतीत शेवटची पायरी, निवडून टाकून देण्याची, तेवढी राहून गेली आहे. मला आणखी एक कारण दिसते : तुमच्यासमोर नमुना एकच होता. ज्यांना चार ज्येष्ठ जवळून पाहायला मिळतात, त्यांना आपोआप निवड करावी लागते.

उलट बाजूही स्पष्ट सांगते. "मी मुळात शांत" या वाक्याच्या आडोशाला फार काळ राहू नका. शांतपणा हा स्वभाव असू शकतो. पण बैठकीत आपला मुद्दा योग्य क्षणी मांडता न येणे हे न शिकलेले कौशल्य आहे, आणि पुष्कळ गुणी माणसे या दोहोंची गल्लत करून वर्षानुवर्षे मागे राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मुद्दा ठामपणे मांडलाच पाहिजे, हे सरांचे म्हणणे बरोबर आहे. त्यासाठी समोरच्याचे बोलणे तोडावे लागते, एवढेच त्यांचे खासगी आहे. तुम्ही बैठकीच्या आदल्या दिवशी एका पानाचे टिपण सर्वांना पाठवा, पहिल्याच परिच्छेदात तुमचा निर्णय आणि त्याचे कारण लिहा, आणि बैठकीत विषय निघताच "मी काल पाठवलेल्या टिपणातला दुसरा मुद्दा पाहू या," असे म्हणून सुरुवात करा. आवाज चढवावा लागणार नाही आणि मुद्दाही सुटणार नाही.

सरांकडे जाण्याची पद्धतही बदला. "मी काय करू?" असे विचारले की त्यांच्या स्वभावातले उत्तर मिळते. त्याऐवजी स्वतःचा निर्णय कारणांसह लिहून न्या आणि "माझ्या विचारात कच्चा दुवा कुठे आहे?" असे विचारा. एखादा सल्ला घेताना त्यामागचे कारण तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर तो तुमचा झाला असे समजा. कारण म्हणून "सर असे करतात" एवढेच सुचत असेल, तर तो अजून त्यांचाच आहे.

चांगला मार्गदर्शक हे अंतर स्वतःहून सांभाळतो. गणितज्ञ रामानुजन यांची १९१३ मधील पत्रे वाचून इंग्रज गणितज्ञ हार्डी यांनी त्यांना केंब्रिजला बोलावले, तेव्हा हार्डींपुढे हाच पेच होता : या माणसाची प्रतिभा अलौकिक, पण आधुनिक गणितातील काटेकोर सिद्धतेची त्याला पुरेशी ओळख नाही. सगळे पद्धतशीर शिकवण्याचा हट्ट धरला तर त्याचा आत्मविश्वास आणि स्फूर्तीच मोडेल, अशी भीती हार्डींना वाटली. म्हणून त्यांनी अत्यावश्यक तेवढेच शिकवले, आणि आपणच त्याच्याकडून अधिक शिकलो, असे पुढे नोंदवून ठेवले.

राहिला प्रश्न सरांपासून दूर होण्याचा. व्यवस्थापनाच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी १९८३ मध्ये मार्गदर्शक आणि शिकणाऱ्याच्या नात्याचे चार टप्पे मांडले होते : आरंभ, जोपासना, अलगपणा आणि नव्याने मांडणी. जोपासनेचा काळ साधारण दोन ते पाच वर्षांचा असतो, हे लक्षात घेतले तर सहाव्या वर्षी तुम्हाला जाणवणारी अस्वस्थता अगदी वेळेवर आली आहे. सरांना हे मोकळेपणाने सांगा. पण तक्रारीच्या सुरात नको. त्यांच्याकडून शिकलेली एखादी नेमकी गोष्ट आधी सांगा आणि मग तीच तुम्ही वेगळ्या रीतीने कशी करू इच्छिता, ते सांगा.

प्रश्न : मला असा मार्गदर्शक कधी लाभलाच नाही. अनोळखी ज्येष्ठांना विचारायला संकोच वाटतो. काय करावे?
— एक तरुण वाचक

उत्तर : "माझे मार्गदर्शक व्हाल का?" असे कोणालाही विचारू नका; एवढ्या मोठ्या विनंतीला व्यग्र माणूस होकार देऊ शकत नाही. आधी काम दाखवा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या आणि पुढे मोठे शास्त्रज्ञ झालेल्या मायकेल फॅरडे यांनी १८१२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुवाच्य लिहून, स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली आणि १८१३ मध्ये ते त्यांचे सहायक झाले. तुम्हीही ज्यांच्याकडून शिकायचे आहे त्यांचे एखादे काम बारकाईने अभ्यासा, त्यावरून स्वतः काहीतरी करून पाहा, आणि अडलेला एकच नेमका प्रश्न थोडक्यात लिहून पाठवा. उत्तर आले, तर त्याप्रमाणे केल्यावर काय झाले, तेही आवर्जून कळवा. बहुतेक जण हे कळवत नाहीत, आणि दुसरा प्रश्न विचारण्याची वाट तिथूनच उघडते.