पर्यटन वगळले तर आल्प्समधले तीस माणसांचे गाव कशावर जगते?

तुमच्या प्रश्नाचा रोख असा दिसतो की, छायाचित्रांत दिसणारी आल्प्समधली चिमुकली गावे खरोखर बारा महिने नांदती असतात का, आणि असतील तर पर्यटक नसताना तिथली माणसे करतात काय. सबंध आल्प्सविषयी मोघम लिहिण्यापेक्षा मी एकाच गावाविषयी लिहितो. नोकरीनिमित्त मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो आणि ग्राउब्युंडन कँटनमधल्या (कँटन म्हणजे तिथले घटकराज्य) आव्हेर्स खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला असलेल्या युफ या वाडीत उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही माझे जाणे झाले आहे. ही वाडी समुद्रसपाटीपासून २१२६ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही (१६४६ मीटर) सुमारे ४८० मीटर उंच आहे. आल्प्समधली सर्वांत उंचावरची बारमाही वस्ती म्हणून बहुधा तिचेच नाव घेतले जाते आणि तिथे जेमतेम तीस माणसे राहतात. थोडक्यात सांगायचे तर हे गाव गवतावर जगते.

त्याचे कारण खोऱ्याच्या रचनेतच आहे. खालच्या अंगाला आव्हेर्सची नदी अरुंद, झाडीने भरलेल्या घळीतून वाहते आणि तिथे शेत करावे एवढीही सपाटी मिळत नाही. मात्र क्रेस्टा हे खोऱ्यातले मुख्य गाव मागे टाकून आपण वर जातो तसतसे खोरे आवळण्याऐवजी रुंदावते, उतार सौम्य होतात आणि जिकडेतिकडे कुरणच दिसू लागते. वरच्या भागातला खडक थरांचा आणि ठिसूळ असल्यामुळे तो झिजून चांगली माती होते व गवत जोमाने वाढते. झाडे मात्र क्रेस्टाच्या आसपासच संपतात. युफ वृक्षरेषेच्या वर असल्याने तिथे ना जंगल, ना धान्य. आणि बर्फ म्हणाल तर तो ऐन जुलैतही पडू शकतो.

सरपणाची अडचण तिथल्या लोकांनी जशी सोडवली ती वाचून मराठी माणसाला आपले घर आठवेल. हिवाळाभर कोंडलेल्या मेंढ्यांच्या पायांखाली लेंड्यांचा जाड थर तुडवला जाऊन घट्ट बसत असे. वसंतात तो फावड्याने कापून त्याचे चौकोनी ठोकळे करीत, ते उन्हाच्या बाजूच्या भिंतीपाशी रचून वाळवीत आणि पुढच्या थंडीत चुलीत घालीत. युरोपातल्या श्रीमंत म्हणून गाजलेल्या देशात गोवऱ्यांचीच ही सख्खी बहीण भेटावी, याची मला मोठी गंमत वाटली.

इतक्या गैरसोयीच्या जागी माणूस मुळात गेलाच का, असा प्रश्न साहजिक आहे. तेराव्या शतकात पश्चिमेकडच्या व्हाले प्रांतातून निघालेले जर्मनभाषक वाल्सर लोक इथे येऊन स्थिरावले. खालची चांगली जमीन आधीच रोमान्श ही तिथली जुनी भाषा बोलणाऱ्यांकडे होती. वरची ओसाड कुरणे वहितीला यावीत अशी सरदारांची इच्छा होती, आणि त्याबदल्यात वाल्सरांना व्यक्तिगत स्वातंत्र्य व वंशपरंपरेने जमीन कसण्याचा हक्क मिळे. त्या काळच्या सरंजामी युरोपात हा सौदा लहान नव्हता. खालची घळ ओलांडणे अवघड असल्याने त्यांचा व्यवहार शतकानुशतके खिंडींपलीकडे दक्षिणेशी चाले: इकडून गुरे आणि दूधदुभते जाई, तर इटलीतल्या कियावेन्ना गावाकडून धान्य आणि दारू येई. मोटारींचा रस्ता झाल्यावर ही दिशा साफ उलटली आणि गावाचे तोंड उत्तरेकडे वळले.

आता गवताचे गणित पाहू. गुरे साधारण ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत गोठ्यात असतात आणि त्या काळात त्यांनी जे खायचे ते सारे उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांत कापून, वाळवून माळ्यावर चढलेले असावे लागते. खालच्या खोऱ्यांत वर्षाला अनेक कापण्या होतात, इथे मात्र एकच. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सलग उघडीप मिळाली की अख्खे कुटुंब उतारावर असते. पुढे एकजण लोखंडी काट्यांच्या चाकांचे कापणीयंत्र उतारावर आडवे चालवतो, कारण ट्रॅक्टर तिथे उलटेल, आणि मागून बाकीचे लाकडी दाताळ्यांनी गवत खाली ओढत आणतात. यंत्र पोहोचत नाही त्या कडेच्या पट्ट्यांवर आजही विळ्याच्या मोठ्या भावाने, म्हणजे लांब दांड्याच्या कोयत्याने, गवत कापतात.

एवढ्या कष्टाचे दूध आणि मांस केवळ बाजारभावावर परवडणे शक्य नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेतील कलम १०४ शेतीकडून अन्नपुरवठ्याबरोबरच भूदृश्याची निगा आणि देशभर विखुरलेली वस्ती टिकवणे याही अपेक्षा ठेवते. त्यापोटी संघराज्य शेतकऱ्यांना वर्षाला सुमारे २.८ अब्ज फ्रँक थेट देते. डोंगराळ विभागांना त्यात जादा वाटा आहे आणि १८ टक्क्यांहून अधिक उताराच्या जमिनीसाठी वेगळे अनुदान मिळते. काही जण याला लाड म्हणतात. माझ्या मते ही सरळ सरळ कामाची मजुरी आहे, कारण कापणी थांबली की उतारावरचे लांब गवत आडवे पडते, त्यावरून बर्फ सहज घसरतो आणि काही वर्षांत खुरट्या झुडपांचे रान माजते.

दुसरे उत्पन्न पाण्याचे आहे. शेजारच्या व्हाले दी लेई खोऱ्यात १९६० च्या सुमारास मोठे धरण झाले. त्याचा जलाशय इटलीत आहे, तर भिंत दोन्ही देशांनी जमिनीची अदलाबदल करून स्विस हद्दीत आणली. वीजकंपन्या पाण्याच्या वापराबद्दल जो कर भरतात त्यातला वाटा आव्हेर्ससारख्या ग्रामपंचायतींना मिळतो, आणि दीडएकशे लोकवस्तीच्या पंचायतीला त्याचे मोल फार असते. पर्यटन आहे, पण बेताचे: थोड्या खोल्या, उन्हाळ्यात पदभ्रमण, हिवाळ्यात स्कीवर डोंगर चढणारे हौशी.

हिवाळ्यात खरी धास्ती थंडीची नसून हिमस्खलनाची असते. दावोसची हिमसंशोधन संस्था हिवाळाभर रोज धोक्याची पातळी एक ते पाच अशी जाहीर करते, आणि ती फार चढली की खालचा रस्ता बंद होऊन गाव तुटते. अशा वेळी निकडीच्या रुग्णासाठी हवामान साथ देईल तर रेगा या हवाई बचाव संस्थेचे हेलिकॉप्टर हाच आधार उरतो. एरवी पोस्टाची पिवळी बस शेवटच्या घरापर्यंत येते, आणि तीस माणसांसाठी ती वर्षभर चालावी यात कोणालाच काही नवल वाटत नाही.

तुम्हाला जायचे असेल तर झुरिकहून कूरमार्गे तूझिसपर्यंत रेल्वेने जा. तिथून आंडेअरला आणि आंडेअरहून युफला बस मिळते. कापणी पाहायची असेल तर जुलैचा उत्तरार्ध धरा, आणि उभ्या गवतातून चालत जाऊ नका. तुडवलेले गवत यंत्राला नीट कापता येत नाही आणि शेतकरी ते तोंडावर सांगतात.