‘अजून थोडे दिवस थांबू का?’ : म्हाताऱ्या मांजरीच्या दयामरणाचा निर्णय

त्या बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात जाडजूड फाईल होती आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी माफी मागितली. ‘तुमच्याकडे लोक केवढाली दुःखं घेऊन येत असतील, आणि मी मांजरीचं घेऊन आलेय.’ फाईल ठकूची होती. वय 17 वर्षे; वजन दोन वर्षांपूर्वी 4.1 किलो, आता 2.4; क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट काम करेनाशी झाली की रक्तात साठत जाणारा घटक, 6.2. मांजरांच्या मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात हा आकडा 5च्या पुढे गेला की तो चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात. गेले पाच महिने त्या रोज सकाळी तिला मांडीवर घेत, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलत आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्वचेखाली 100 मिलिलिटर सलाइन देत. शिवाय उलटीचे औषध, भुकेची गोळी, तोंडातल्या फोडांवर लावायचे जेल. आता आपल्या हातात फारसे काही उरलेले नाही असे सांगून डॉक्टरांनी पुढचा शब्द त्यांच्यावर सोपवला होता : ‘कधी झोपवायचं ते तुम्ही ठरवा.’ त्यांनी दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा त्याच सकाळी फोन करून रद्द केली. पहिल्या वेळी ठकूने अर्धा बांगडा खाल्ला होता. दुसऱ्या वेळी ती कोणाची मदत न घेता पलंगावर चढली होती.

‘मला एवढंच सांगा, वेळ झाली हे ओळखायचं कसं?’

(त्यांच्या संमतीने हे लिहीत आहे. घराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मांजरीचे नाव मात्र त्यांच्या आग्रहावरून तेच ठेवले आहे.)

या प्रश्नाला एक तयार उत्तर असते आणि ते मीही बरीच वर्षे देत आले : ‘तुम्हालाच कळेल. ती तुम्हाला सांगेल.’ ऐकणाऱ्याला ते तेवढ्यापुरते बरे वाटते. एका गृहस्थांना मी ते सांगितले होते. त्यांनी आपल्या बोक्याच्या डोळ्यांत ती ‘नजर’ येण्याची वाट पाहिली, नजर काही आली नाही, आणि एका रात्री त्याला झटके सुरू झाल्यावर दोन वाजता उघडा दवाखाना शोधत ते रिक्षातून हिंडत राहिले. तेव्हापासून मी ते वाक्य टाकले. मांजर स्वतः शिकारी असली तरी तिच्याहून मोठ्या जनावरांची ती शिकारही असते, आणि दुखणे लपवणे तिच्या रक्तातच आहे. ती घुरघुरते तीही नेहमी सुखानेच असे नाही. असह्य वेदनेतही मांजरी घुरघुरतात. जे लपवण्यासाठीच तिचा पिंड घडलेला आहे ते तिने आपल्याला सांगावे अशी वाट पाहत बसलो, तर ती सांगेल तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून मी त्यांना सांगितले की एकच एक बरोबर दिवस कुठे तरी ठरलेला आहे आणि तो आपल्याला हुडकायचा आहे, ही समजूतच आधी बाजूला ठेवू. खरे तर काही आठवड्यांचा एक पट्टा असतो. त्याच्या अलीकडच्या टोकाला निर्णय घेतला तर ‘मी घाई केली’ ही टोचणी आपल्या वाट्याला येते, पलीकडच्या टोकाला घेतला तर उशिराचे भोग मांजरीच्या वाट्याला येतात. दोन्हींतले काय पत्करायचे, एवढेच खरोखर आपल्या हातात असते. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘म्हणजे टोचणी चुकणार नाहीच.’ नाही, चुकणार नाही, असे मी सांगितले. खोटा दिलासा देण्यात अर्थ नव्हता.

या कामासाठी प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी तयार केलेली एक पट्टी जगभर वापरली जाते. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांच्या तुलनेत चांगले दिवस, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज 35च्या वर असेल तर जगणे सुसह्य आहे असे मानायचे. ती मी त्यांना दिली. पुढचे तीन आठवडे ठकूची बेरीज 36, 37, 36 अशीच येत राहिली. मी कागद नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की स्वच्छतेला नऊ गुण होते, कारण त्या दर दोन तासांनी कोमट पाण्याने तिचे अंग पुसत होत्या. पाण्याला आठ होते, कारण सलाइन चालू होते. पट्टीत काही चूक नव्हती. पण गुण मिळत होते ते शुश्रूषेला, आणि बँकेत आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या या बाईंनी, नकळत का होईना, ताळेबंद 35च्या वर राखला होता. मी तसे बोलून दाखवल्यावर त्या प्रथमच हसल्या, आणि मग रडल्या.

आता या बाईंच्या सासूबाईंकडे वळते, कारण घरातला खरा पेच तिथे होता. त्यांचे वय 84. मांजरीची 17 वर्षे म्हणजे माणसाची साधारण 84, असे डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावर लिहिलेले होते आणि ते मुलाने कौतुकाने आजीला वाचून दाखवले होते. दयामरणाचा विषय निघाला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘जीव देणारे आपण नाही, घेणारे कोण? आणि उद्या माझंही असंच बसून ठरवाल का?’ त्यानंतर त्या घरात या विषयावर कोणी मोठ्याने बोलेना. यजमान ‘तुम्ही दोघी बघा’ म्हणून मोकळे झाले. सहावीत असताना ठकूला दप्तरातून घरी आणणारा मुलगा आता जर्मनीत होता. तो 26 डिसेंबरला येणार होता आणि तोपर्यंत काही करू नका असे त्याचे म्हणणे होते.

सासूबाईंना भेटायला मी घरी गेले. त्यांचे माहेर खादीधारी असल्याचे मला सुनेकडून कळले होते, म्हणून मी मोठ्या विश्वासाने साबरमती आश्रमातल्या वासराची गोष्ट काढली. 1928 मध्ये आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते, त्याला कूसही बदलता येत नव्हती, अंगावर माश्या घोंगावत होत्या. गांधीजींनी बराच विचार करून, सहकाऱ्यांशी बोलून, डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला मरण दिले, आणि ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’मध्ये त्याची जाहीर बाजू मांडली. अहिंसेचा उपासक गोवंशाची हत्या करतो म्हणून त्यांच्यावर संतापलेल्या पत्रांचा भडिमार झाला. सासूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘ठाऊक आहे मला. वडील सांगायचे. पण बापूंनी केलं म्हणून मला पटलंच पाहिजे, असं थोडंच आहे?’ माझा मुद्दा तिथेच आडवा झाला. समुपदेशकाने दाखले घेऊन जाऊ नये, हे मी पुन्हा एकदा शिकले.

मग मी दाखले सोडून ठकूबद्दल विचारले. ती पूर्वी कशी होती? सासूबाई खुलल्या. दुपारी चारच्या चहाला ती मांडीवर येऊन बसे, देवापुढच्या घंटीशी खेळे, आणि ऊन तिला फार प्रिय. सकाळी दहाला गॅलरीत उन्हाचा चौकोन पडतो. तो सरकत सरकत कुंड्यांपासून शिवणयंत्रापर्यंत जातो आणि ठकू दर पंधरा-वीस मिनिटांनी उठून त्याच्या मागोमाग सरकते. ‘आमचं घड्याळच ते.’ बोलता बोलता त्या थांबल्या. ठकू कुंडीपाशी पडलेली होती. ऊन केव्हाच शिवणयंत्राशी पोचले होते. ‘हल्ली ऊन जातं, आणि ही तिथेच सावलीत पडून राहते,’ असे म्हणून त्या उठल्या, दोन्ही हातांनी तिला उचलून उन्हात ठेवले आणि हात तिच्या पाठीवर तसाच ठेवून म्हणाल्या, ‘हाडं लागतात.’

त्या दिवशी आम्ही तिघींनी स्वयंपाकघरातले कालनिर्णय भिंतीवरून खाली काढले. मी अशा वेळी पट्टीपेक्षा त्या एका मांजरीच्या सवयींवरून खुणा ठरवायला सांगते, आणि त्या संकटाच्या रात्री न ठरवता डोके ताळ्यावर असताना लिहून ठेवायला सांगते. ठकूच्या तीन ठरल्या. बांगड्याच्या उकडीचे पाणीदेखील चाटत नाही. मातीच्या ट्रेपर्यंत स्वतः जात नाही. ऊन सरकले तरी जागा बदलत नाही. यांतल्या दोन खुणा सलग तीन दिवस दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, आणि मधल्या एखाद्या चांगल्या सकाळमुळे तो रद्द करायचा नाही. हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे होते. या आजारात बरे दिवस अधूनमधून येतातच, सलाइन दिल्यावर तर हमखास येतात, आणि तारीख रद्द करणारा माणूस त्या एका सकाळीला मागच्या नऊ दिवसांहून जास्त मोल देतो. चांगल्या दिवशी निरोप देणे क्रूर वाटते, हे मला मान्य आहे. पण उरलेला पर्याय म्हणजे तिच्या सर्वांत वाईट दिवशी निरोप देणे.

तिसरी खूण पाहण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले. वर बजावलेही : मार्गशीर्षातला गुरुवार नको, एकादशी नको. अशा अटींना हसणारे लोक असतात, मी हसत नाही. एक-दोन दिवस पुढेमागे केल्याने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे मन राहत असेल आणि तेवढे दिवस वेदना औषधाने आवरता येणार असतील, तर जरूर करावे. मुलासाठी दोन आठवडे थांबणे मात्र वेगळे. त्यासाठी मी सुनेला डॉक्टरांकडे एकच प्रश्न घेऊन पाठवले, जो फार कमी लोक विचारतात : ‘तुमची स्वतःची मांजर असती तर तुम्ही कधी केलं असतं?’ बहुतेक डॉक्टर ‘निर्णय तुमचा’ असे म्हणतात, कारण त्यांना तसे म्हणावेच लागते. हा प्रश्न विचारला की ते माणूस म्हणून बोलतात. उत्तर आले, ‘याच आठवड्यात.’ मुलाला व्हिडिओ कॉलवर सांगितले. तो रागावला आणि दोन दिवस त्याने फोन उचलला नाही.

प्रत्यक्षात काय घडते तेही मी आधी सविस्तर सांगते, कारण न सांगितलेली गोष्ट पुढे स्वप्नात येते. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात आणि मांजर गाढ झोपते. मग भूल देणाऱ्याच औषधाची मोठी मात्रा देतात, तिने श्वास व हृदय थांबते. डोळे बहुधा उघडेच राहतात. नंतर एखादा खोल श्वास किंवा स्नायूंचा झटका येऊ शकतो. ती तेव्हा जागी नसते, तिला काही कळत नसते. लघवी होते, म्हणून खाली जुना टॉवेल ठेवावा. पुढची व्यवस्थाही अगोदर लावून ठेवावी. मुंबईत महापालिकेने 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दाहिनी सुरू केली आहे. ठकूला तिथेच नेले.

14 डिसेंबरला डॉक्टर सकाळी अकराला घरी आले, कारण तेव्हा गॅलरीत ऊन असते. आदल्या दिवशी ठकूने दोन चमचे पाणी चाटले होते आणि सुनेचा हात फोनकडे गेला होता. सासूबाई म्हणाल्या, ‘कागदावर काय लिहिलंय?’ ठकू त्यांच्याच मांडीवर गेली.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या, आणि अपेक्षित प्रश्न घेऊन आल्या : ‘चार दिवस आधी तर नाही ना केलं मी?’ असेलही, असे मी म्हणाले. ते चार दिवस ठकूचे कसे गेले असते, असे विचारल्यावर त्यांनी एकेक दिवस मांडला. सुई, उलटी, पुसणे, सावली. मग म्हणाल्या, ‘ते चार दिवस मला हवे होते.’ हे वाक्य त्यांनी स्वतः उच्चारणे गरजेचे होते. टोचणी असते म्हणजे चूक झालेली असते असे नाही, हे त्यांना बुद्धीला पटते; रोज सकाळी साडेसातला, सलाइनच्या वेळेला, अजून पटत नाही. त्यासाठी आम्ही भेटत आहोत. मुलगा आला, आईशी भांडला, आणि ठकूचा रिकामा ट्रे त्याने स्वतः घासून माळ्यावर ठेवला.

सासूबाईंचा ‘उद्या माझंही असंच ठरवाल का?’ हा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. त्याचे उत्तर त्यांनीच काढले. माणसाला इंजेक्शन देऊन मरण देण्यास आपल्याकडे कायद्याची परवानगी नाही, परंतु शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिली, आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यांनी सुनेला समोर बसवून मसुदा सांगितला, ‘नळ्या नकोत’ हे दोनदा लिहायला लावले. तो कागद आता ठकूच्या फाईलमध्येच आहे, तिच्या रिपोर्टांच्या मागे. त्याच फाईलमध्ये कालनिर्णयाचे डिसेंबरचे पानही घडी करून ठेवलेले आहे. 11, 12 आणि 13 या तीन चौकटींत शिसपेन्सिलीने, थरथरत्या पण मोडी वळणाच्या अक्षरात लिहिले आहे : ‘ऊन गेले. उठली नाही.’