एकाच हायड्रोजेलमध्ये किती गुण कोंबायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: जखमेवर चिकटणारं, जंतू मारणारं, फाटलं तर आपोआप सांधणारं आणि वर हालचाल मोजणारा सेन्सर म्हणूनही चालणारं, असं एकच हायड्रोजेल प्रकल्पासाठी बनवता येईल का? बनवता येईल, फोटोपुरतं. वापरायला घेतलं की हेच गुण एकमेकांच्या मुळावर उठतात.

हायड्रोजेल म्हणजे पाण्याने फुगलेली पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंची, जाळी. ती आपोआप सांधायला हवी असेल तर तिच्यातले बंध सुटणारे आणि पुन्हा जुळणारे लागतात. असे बंध सततच्या ताणाखालीही सुटतात, त्यामुळे पट्टी हळूहळू लांबत जाते आणि सेन्सरचा शून्य बिंदू सरकतो. कायमचे, सहजी न सुटणारे सहसंयुज (कोव्हॅलंट) बंध वाढवले तर आकार टिकतो, पण सांधणं संपतं. वीज वाहावी म्हणून मीठ घातलं की विद्युतभारित जाळी आक्रसते. चांदीच्या नॅनोकणांचं प्रमाण वाढवलं तर जंतूंबरोबर त्वचेच्या पेशीही मरू लागतात. आणि जखमेतला स्राव पिऊन जेल फुगलं की चिकटपणा उतरतो. शोधनिबंधांत प्रत्येक गुणाचा आलेख वेगळा असतो, कधीकधी नमुनाही वेगळा! सगळे गुण एकाच तुकड्यावर, एकाच वेळी मोजलेत का, हे आधी बघा.

यातून वाट निघते ती कामं वाटून देण्याने. 2003 मध्ये होक्काइदो विद्यापीठात जिआन पिंग गोंग यांच्या गटाने दुहेरी जाळीचं जेल मांडलं. त्यात एक जाळी ताठ आणि ठिसूळ, दुसरी सैल आणि लवचीक. ताण आला की ठिसूळ जाळी आधी तुटते आणि ऊर्जा स्वतःवर घेते, सैल जाळी तुकडा धरून ठेवते. सुमारे 90 टक्के पाणी असूनही ते जेल बरंच दाबलं तरी फुटत नाही. मात्र तुटलेले बंध परत जुळत नाहीत. 2012 मध्ये हार्वर्डच्या गटाने ठिसूळ जाळीच्या जागी कॅल्शियमने बांधलेलं अल्जिनेट (समुद्री शैवालातून मिळणारा पॉलिमर) घेतलं आणि सैल जाळीसाठी पॉलीअ‍ॅक्रिलमाइड हा कृत्रिम पॉलिमर. ते मूळ लांबीच्या 20 पटींहून जास्त ताणलं गेलं, आणि कॅल्शियमचे बंध काही प्रमाणात पुन्हा जुळत असल्याने बरंचसं सावरतंही.

रोजच्या वापरात टिकलेली जेलं बघितलीत तर बहुतेकांकडे एकदोनच कामं दिसतील. विख्तरले आणि लिम या चेक रसायनशास्त्रज्ञांच्या 1960 च्या निबंधातून पुढे आलेल्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्समध्ये साधारण 38 टक्के पाणी असतं. तिच्यातून ऑक्सिजन पाण्यावाटेच जात असल्याने कमी पडायचा, म्हणून नंतर सिलिकोन हायड्रोजेल आलं: सिलिकोनकडे ऑक्सिजन, हायड्रोजेलकडे ओलावा. ईसीजीच्या इलेक्ट्रोडवरचं जेल चिकटतं आणि वीजही वाहतं, बस. तरी ते हवाबंद पाकिटात ठेवावं लागतं, कारण उघड्यावर पाणी उडून जातं. ग्लिसरीन घालून पाणी धरून ठेवता येतं, पण मग आयन (वीज वाहून नेणारे भारित कण) सावकाश सरकतात आणि वाहकता घटते.

तुमच्या जागी मी चिकटणं आणि वाहकता एवढेच दोन गुण जेलमध्ये ठेवेन आणि जंतुनाशक वेगळ्या थरात घालेन. सांधण्याचा हट्ट तर सोडाच. आठवड्याभरात बदलायची पट्टी फाटली तर नवी लावतात. जखमेसाठी नुसता ओलावाही मोठं काम करतो. ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर पसरते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं.

चाचण्या ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात करू नका. डायपरमधलं सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट त्यात वजनाच्या शेकडो पट पाणी पितं, पण 0.9 टक्के सलाइनमध्ये, म्हणजे शरीरातल्या द्रवांइतक्या खारट पाण्यात, तेच तीस-पन्नास पटींवर येतं. म्हणून फुगणं, चिकटणं, वाहकता सगळं सलाइनमध्ये आणि 37 अंशांना मोजा, मग तोच तुकडा दिवसभर उघडा ठेवून वजन करा. अ‍ॅक्रिलमाइड वापरणार असाल तर हातमोजे हवेतच. पॉलिमर निरुपद्रवी असला तरी मोनोमर, म्हणजे साखळीत न जुळलेला सुटा अ‍ॅक्रिलमाइड, चेतासंस्थेला घातक आहे. जेल पाणी बदलत काही दिवस धुवा आणि शेवटच्या पाण्यात मोनोमर उरला नाही याची खात्री झाल्यावरच पेशींवरच्या चाचणीला घ्या.